शुगर ९ च्या वर, मोतीबिंदू पिकत आलाय. ऑपरेशन करावं की थांबावं?

गोदाकाठ (नांदेड):
आप्पांचं वय ६७, शुगर १४ वर्षांपासून. तीन महिन्यांची सरासरी (HbA1c) ९.२, परवाची उपाशीपोटी १७१. डाव्या डोळ्याने दोन मीटरवरची बोटं कशीबशी मोजतात. शिबिरात पुढच्या गुरुवारची तारीख मिळालीय. एक जण म्हणतो सरासरी ७ च्या खाली आणा, मगच हात लावा. दुसरा म्हणतो थांबलात तर मोतीबिंदू पिकून फुटेल. चालू औषधं: मेटफॉर्मिन ५०० दोनदा, ग्लिमेपिराइड २ सकाळी, लघवीसाठी रात्री टॅमसुलोसिन. त्या दिवशी कोणती द्यायची? आणि खरा धोका कशाचा?

ओटी नंबर दोन (लातूर):
७ चा हट्ट धरू नका. आठवड्याभरात इन्सुलिन लावून सरासरी खाली येत नसते, आणि शुगर झपाट्याने पाडली तर डोळ्याच्या आतल्या पडद्याचा (रेटिनाचा) आजार उलट बळावू शकतो. ऑपरेशनच्या सकाळी बोटाची शुगर २०० च्या आत असली की बहुतेक ठिकाणी घेतात, काही सर्जन २५० पर्यंत. ३०० असेल तर गुरुवार गेला म्हणायचं.

वाढलेल्या शुगरचा धोका म्हणजे डोळ्यात पू होणं. जंतू बहुधा पेशंटच्याच पापण्यांवरचे असतात आणि शुगर जास्त असली की पांढऱ्या पेशी त्यांच्याशी नीट लढत नाहीत. म्हणून चिरा देण्याआधी ५ टक्के पोव्हिडोन आयोडीन डोळ्यात टाकून निदान तीन मिनिटं थांबतात, शेवटी डोळ्याच्या आत अँटिबायोटिक सोडतात. सेफ्युरॉक्सिम असं सोडल्यावर पू होण्याचं प्रमाण जवळपास पाचपट घटलं, हे २००७ च्या युरोपातल्या अभ्यासात दिसलंय. तुम्ही घरी एक बघा: नाकाजवळच्या कोपऱ्यावर बोटाने दाबल्यावर चिकट पाणी किंवा पू येतो का. येत असेल तर अश्रुपिशवीचा इलाज आधी. पायाची जखम, दातातला पू, तेही आधी.

गोळ्यांचं: भूल फक्त थेंबांची किंवा डोळ्याशेजारच्या इंजेक्शनची असेल तर बऱ्याच ठिकाणी हलका नाश्ता आणि नेहमीच्या गोळ्या चालतात. उपाशी या म्हणाले तर ग्लिमेपिराइड अजिबात नको. रिकाम्या पोटी ती शुगर ६०-७० वर आणते, टेबलावर घाम आणि थरथर सुरू होते. मेटफॉर्मिनचं तिथल्या डॉक्टरांना विचारा. सकाळी सातला बोलावून नंबर दुपारी बाराला लागतो, म्हणून पहिल्या यादीत घ्यायला सांगा. पिशवीत ग्लुकोजची पुडी राहू द्या.

टॅमसुलोसिनबद्दल कागदावर मोठ्या अक्षरात लिहा! शुगरवाल्यांची बाहुली आधीच कमी फाकते, त्यात या गोळीने बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा (आयरिस) ढिला पडतो आणि ऑपरेशन चालू असताना चिऱ्यातून बाहेर डोकावतो. चार दिवस बंद करून उपयोग नाही, परिणाम महिनोन्‌महिने राहतो. आधी कळलं तर सर्जन बाहुली ताणून धरणारे हूक आणि वेगळं औषध हाताशी ठेवतो.

पडदेवाला (संभाजीनगर):
वरचं सगळं बरोबर, पण सगळे शुगर विचारतात, पडदा कोण बघतंय? ब्रिटनमध्ये ८१,९८४ डोळ्यांच्या नोंदी तपासल्या, २०१६ मध्ये छापून आलं: ऑपरेशननंतर पडद्याला नवी सूज शुगर नसलेल्यांत १.१७ टक्के, शुगरवाल्यांत ४.०४ टक्के. पडदा आधीच बिघडलेला असेल तर प्रमाण आणखी वर.

तेव्हा गुरुवारच्या आधी बाहुली फाकवून दोन्ही डोळ्यांचा पडदा तपासा, जमल्यास ओसीटी (पडद्याच्या थरांची सूज दाखवणारा स्कॅन) काढा. डावा पडदा मोतीबिंदूमुळे दिसणार नाही असं म्हणाले तर बी-स्कॅन, म्हणजे डोळ्याची सोनोग्राफी. त्यात पडदा सुटलाय का, आत रक्त आहे का कळतं, पण सूज कळत नाही. उजव्या डोळ्याच्या पडद्यावरून अंदाज येतो, आजार सहसा दोन्हीकडे सारखाच असतो. सूज किंवा नव्या नाजूक रक्तवाहिन्या दिसल्या तर शक्यतो आधी इंजेक्शन वा लेझर, मोतीबिंदू नंतर. पार पिकून दाब चढायला लागला असेल तर मात्र थांबायला वेळ नसतो. मग आधी ऑपरेशन, आणि त्यानंतर आठवड्याभरात पडदा बघायचा.

लेन्स साधी एकाच नंबरची घ्या, ६ मिमीची ॲक्रिलिक. जवळ-लांब दोन्ही दिसणारी मल्टिफोकल बिघडलेल्या पडद्यावर पैसे वाया.

गोदाकाठ (नांदेड):
थेंब किती दिवस? आणि गावाकडे परत कधी नेऊ? सोयाबीनची मळणी चालू आहे.

ओटी नंबर दोन (लातूर):
स्टिरॉइड सहसा चार-सहा आठवडे, दर आठवड्याला कमी करत. प्रेडनिसोलोनची बाटली प्रत्येक वेळी हलवून, नाहीतर वर नुसतं पाणी आणि औषध तळाला. दुसरा थेंब पाच मिनिटांनी. टोक पापणीला लावायचं नाही. शुगरवाल्यांना नेपाफेनॅकसारखा सूज आवरणारा थेंब दोन महिन्यांपर्यंतही देतात. तो टाकल्यावर टोचायला, लाल व्हायला लागलं तर लगेच दाखवा, शुगरवाल्यांच्या डोळ्यासमोरच्या पारदर्शक भागाची (कॉर्नियाची) वरची कातडी उशिरा भरते.

मळणीचं भुसकट आणि चुलीचा धूर निदान महिनाभर नको. डोक्यावरून पाणीही पंधरा दिवस नाही.

पडदेवाला (संभाजीनगर):
पहिल्या आठवड्यात दुखणं, लाली, नजर घटणं म्हणजे पू समजून त्याच दिवशी गाठा, रात्र काढू नका. पडद्याची सूज उलट मुकाट येते. चौथ्या ते बाराव्या आठवड्यात, न दुखता, चांगलं दिसत असताना पुन्हा धूसर. दुखत नाही म्हणून लोक घरी बसतात. सहाव्या आठवड्याची ओसीटी आत्ताच ठरवून ठेवा, शिबिरवाले बोलावोत न बोलावोत.