दुर्बिणीचा मोटरवाला माउंट आरएमध्ये जड फिरतोय, गो-टू देताना अडकतो. उघडू का?

देवयानी_सातारा:
नमस्कार मंडळी. आमच्या शाळेत ६ इंची न्यूटोनियन (आरशाची दुर्बीण) आहे, खाली मोटरवाला जर्मन इक्वेटोरियल माउंट (ताऱ्यांबरोबर फिरणारी बैठक), गो-टू हँडसेटसकट (तारा निवडला की दुर्बीण आपोआप तिकडे वळवणारा). एका माजी विद्यार्थ्याने वापरून झाल्यावर शाळेला दिलेला, त्यामुळे बराच जुना आहे. पावसाळाभर प्रयोगशाळेच्या कपाटात होता, आता आकाश मोकळं झालं म्हणून काढला तर आरए ॲक्सिस (पूर्व-पश्चिम फिरवणारा अक्ष) एकदम जड. ट्रॅकिंग (ताऱ्यामागे हळू फिरणं) चालू असतं असं वाटतं, पण गो-टू दिलं की मोटर जोरात सुटते, मध्येच घर्रर्र असा आवाज येतो आणि दुर्बीण जागच्या जागी थरथरते. हँडसेट मात्र अभिजित ताऱ्यावर पोचलो म्हणून सांगतो आणि आयपीसमध्ये काहीच नसतं. डेकची बाजू (उत्तर-दक्षिण फिरवणारा अक्ष) छान फिरते.

इथल्या हार्डवेअरवाल्याने गंज काढायचा स्प्रे दिलाय, फटीतून मारा म्हणाला. मारू का? की उघडावाच लागेल? मुंबईला पाठवायचा तर कुरिअर आणि दुरुस्तीचा खर्च शाळा देईल असं वाटत नाही. मृग संध्याकाळी वर यायला लागेल तोपर्यंत चालू झाला पाहिजे हो, आठवीची मुलं रोज विचारतात.

लेथवाला_कोल्हापूर:
ताई, स्प्रे अजिबात मारू नका. त्यात बहुतेक सॉल्व्हंट असतं, वंगण नावाला. आतलं जे काही ग्रीस शिल्लक आहे ते पातळ होऊन वाहून जाणार, क्लचवर (ॲक्सिस धरून ठेवणारा भाग) गेलं तर क्लच घसरणार, आणि चार दिवस बरं वाटून परत जास्त जड होणार.

उघडायच्या आधी जडपणा नक्की कुठं आहे ते शोधा, तीनच जागा आहेत. आधी दुर्बीण आणि तिला तोलणारी वजनं दोन्ही उतरवा, नाहीतर क्लच सोडल्यावर सगळं गरकन फिरून कुणाला तरी लागेल. मग आरएचा क्लच सोडून हातानं ॲक्सिस पूर्ण गोल फिरवा. इथंच जड लागला तर मुख्य बेअरिंग नाहीतर त्याचं नट जास्त आवळलेलं. हलका फिरला तर ॲक्सिस निर्दोष, पुढं जा. बाजूचं कव्हर काढा, मोटर ज्या स्क्रूंवर बसलीय ते ढिले करून मोटर जरा मागं सरकवा म्हणजे मोटरची गिअर वर्मच्या (ॲक्सिसचं मोठं दातेरी चाक, म्हणजे व्हील, फिरवणारा स्क्रू) गिअरपासून सुटेल. आता वर्म बोटानं फिरवून बघा. चिमटीत धरून आरामात फिरला पाहिजे. तो जड असेल तर दुखणं वर्ममध्ये, आणि तोही हलका असेल तर मोटरची गिअर फार घट्ट बसवलेली होती एवढंच.

क्लच लॉक असताना हातानं जोर लावून फिरवू नका. वर्म उलटा फिरत नाही, त्याचे नाहीतर व्हीलचे दात जातील.

व्याध_पुणे:
वरच्या दादांचं बरोबर आहे, पण त्याच्याबरोबर पॉवर पण बघून घ्या, कारण ही लक्षणं दोन्हीकडे सारखीच दिसतात. अशा माउंटमध्ये साधारणपणे स्टेपर मोटर (विजेच्या एकेका पल्सला एकेक पाऊल फिरणारी) असते आणि ॲक्सिसवर एन्कोडर (फिरणं मोजणारा सेन्सर) नसतो. हँडसेट फक्त आपण किती पल्स पाठवले ते मोजतो, मोटर खरंच फिरली की नाही हे त्याला कळतच नाही. म्हणून अडकली तरी तो पोचलो म्हणतो. आणि स्टेपरचं असं असतं की स्पीड वाढला की टॉर्क (फिरवायचा जोर) कमी होतो, त्यामुळे ट्रॅकिंगला चालते आणि फास्ट स्ल्यूला (दुर्बीण वेगात वळवताना) दगा देते.

अडॅप्टरवर काय लिहिलंय बघा. १२ व्होल्ट २ अँपिअरवाला असेल तर काठावर आहे, ५ अँपिअरचा घ्या, पुण्यात पासोड्या विठोबाजवळ मिळून जाईल, साताऱ्यातही मिळेल. प्लगची पोलॅरिटी मात्र जुन्याशी ताडून घ्या. मल्टीमीटर माउंटच्या टोकाला लावून स्ल्यू चालू असताना व्होल्टेज बघा, लांब बारीक वायर असेल तर तिथेच एखादा व्होल्ट पडतो. ११ च्या खाली जात असेल तर आधी तेच बदला. यूपीएसमधली १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी लावून बघितली तरी लगेच कळेल.

अजून एक. साताऱ्याला ध्रुव क्षितिजापासून जेमतेम १८ अंशांवर, म्हणजे पोलर ॲक्सिस (आरएचाच, ध्रुवाकडे रोखलेला) जवळजवळ आडवाच. हे माउंट थंड देशांतल्या अक्षांशाला सोयीचे असतात. आपल्याकडे वजनाचा दांडा खाली आला की ट्रायपॉडच्या उत्तरेकडच्या पायाला घासतो किंवा आपटतो, आणि मोटर तिथं अडकली की अगदी असाच घर्रर्र आवाज येतो. दर वेळी एकाच पोझिशनला अडकतो का ते बघा.

देवयानी_सातारा:
दोघांचेही खूप आभार. काल शाळा सुटल्यावर फिजिक्सच्या सरांना घेऊन बसले. क्लच सोडल्यावर ॲक्सिस हलका फिरतो. अडॅप्टर ५ अँपिअरचाच आहे, स्ल्यू चालू असताना मीटर १२ च्या आसपासच राहिला. दांडा पायाला लागत नाही, पाय थोडा वळवून घेतलाय. मोटर मागे सरकवली आणि वर्म बोटाने फिरवला तर अगदी घट्ट! दोन बोटांनी जोर लावावा लागतो, आणि फिरवत राहिलं की काही भागात अजून घट्ट होतो. कव्हरच्या आत काळपट पिवळं, मेणासारखं काहीतरी चिकटलंय, ते ग्रीसच का?

लेथवाला_कोल्हापूर:
ग्रीसच ते. ग्रीस म्हणजे साबण आणि त्यात धरून ठेवलेलं तेल. वर्षानुवर्षं पडून राहिलं की तेल निथळून जातं आणि साबण तेवढा वाळून राहतो, त्यात धूळ गेली की पॉलिश पेस्टच झाली. तुमचं काम घरी होण्यासारखं आहे, घाबरू नका, पण घाई पण करू नका. मुख्य ॲक्सिसची बेअरिंग हलकी आहेत ना, मग तिकडं हात लावायचाच नाही. बरेच लोक यूट्यूब बघून पूर्ण माउंट सुटा करतात आणि चांगलं असलेलं बिघडवून बसतात.

वर्मचा ब्लॉक दोन-चार बोल्टवर असतो. प्रत्येक पायरीला मोबाईलवर फोटो काढा, स्क्रू आले तसे क्रमानं ठेवा. ब्लॉक सुटला की वर्म आणि व्हीलचे जेवढे दात दिसतील तेवढे जुन्या टूथब्रशनं आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून साफ करा. रॉकेल चालतं पण प्लॅस्टिकच्या गिअरला आणि रंगाला लावू नका, आणि शाळेत आहात तर अल्कोहोलच बरं, खिडक्या उघड्या ठेवा आणि जवळ बर्नर वगैरे नको. मग ब्लॉकमध्येच असताना वर्म फिरवून बघा. व्हीलपासून सुटा असताना सुद्धा जड? तर टोकाची चुडीवाली प्लेट जास्त आवळलीय नाहीतर बेअरिंग गेलंय. प्लेट ढिली करा, परत हातानं टेकेपर्यंत आवळा, मग किंचित मागं घ्या. वर्म पुढं-मागं हलता कामा नये पण बोटानं सहज फिरला पाहिजे, त्या जागी लॉक करा.

ग्रीस पांढरं लिथियम नाहीतर सिंथेटिक पीटीएफईवालं आणा, गाडीच्या चॅसिसचं जाड ग्रीस नको. दातांवर पातळ थर पुरे, भरून काढायचं नाही.

आता खरी मेख. ब्लॉक परत बसवताना वर्म व्हीलच्या किती जवळ ठेवायचा हे ग्रब स्क्रूंवर (बिनडोक्याचे छोटे स्क्रू) ठरतं, एक आत ढकलतो, एक बाहेर. बॅकलॅश (दातांमधली ढिलाई) घालवायच्या नादात लोक तो गच्च बसवतात आणि मग मोटर रडते. व्हील शंभर टक्के गोल कधीच नसतं, काही भागात जाडसर लागतंच. म्हणून वर्म फिरवत फिरवत पूर्ण व्हील एकदा हिंडवा, सगळ्यात घट्ट जागा सापडली की मार्करनं खूण करा आणि ॲडजस्टमेंट तिथंच करा. तिथं मोकळा फिरला म्हणजे सगळीकडं फिरणार. ग्रब एका वेळी आठवा हिस्साच फिरवा, आणि दर वेळी बोल्ट आवळून मगच तपासा, कारण बोल्ट आवळताना ब्लॉक हलतो आणि सगळं बदलतं. शेवटी क्लच लॉक करून वजनाचा दांडा टोकाला धरून हलकेच हलवा. अगदी बारीक टिक जाणवली तरी राहू दे.

खाडीकाठ_रत्नागिरी:
ताई, इकडे खाऱ्या हवेत आमचा हाच त्रास दरवर्षी असतो म्हणून थोडं सांगतो. व्हील पितळेचं किंवा तत्सम असतं, त्याला गंज नाही, पण वर्म आणि त्याची बेअरिंग स्टीलची. साफ करताना बेअरिंग बोटात धरून फिरवा, खरखर लागली की बदलाच, ग्रीस भरून ती बरी होत नाही. बेअरिंगच्या कडेवर नंबर कोरलेला असतो, तोच नंबर दुकानात सांगायचा. ६०८ निघाली तर कुठेही मिळेल, स्केटिंगच्या चाकात तीच असते, ८ मिलीचं भोक आणि २२ मिलीचा बाहेरचा व्यास. वेगळाच नंबर निघाला तर मुंबईत नागदेवी स्ट्रीटला चौकशी करा. जुनी काढताना हातोडी नको, ब्लॉक हेअर ड्रायरने थोडा गरम केला की बहुतेक वेळा सुटते. आणि पावसाळ्यात माउंट कपाटात तसाच ठेवू नका, झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात सिलिका जेलच्या पिशव्या टाकून ठेवा आणि अधूनमधून मोटरने दोन्ही ॲक्सिस फिरवून घ्या.

देवयानी_सातारा:
झालं! बेअरिंग चांगली निघाली, टोकाची प्लेटच गच्च आवळलेली होती आणि ग्रीस तर नखाने खरवडून काढलं. आता फुल स्पीडला गो-टू देते तरी आवाज बदलत नाही. शनिवारी मुलांनी हँडसेटवरून देवयानी दीर्घिका लावली आणि ती खरंच फील्डमध्ये आली, सगळी एकमेकांना ढकलत बघत होती. फक्त ट्रॅकिंगमध्ये हाय पॉवरला तारा हळूच एका बाजूला सरकतो आणि परत येतो. परत घट्ट होतंय का?

व्याध_पुणे:
अभिनंदन ताई, मुलांना पण सांगा. सरकून परत येतो म्हणजे ती बहुतेक पिरिऑडिक एरर (वर्मच्या दर फेऱ्याला तीच ती येणारी चूक), ती प्रत्येक वर्म गिअरला असते. घड्याळ लावून बघा. तुमच्या व्हीलला १४४ दात असतील तर वर्मचा एक फेरा ८६१६४ (पृथ्वीच्या एका फेऱ्याचे सेकंद) भागिले १४४ म्हणजे जवळपास ५९८ सेकंदांचा, दहा मिनिटांना जरासा कमी. दात किती ते मॅन्युअलमध्ये असतं, नाहीतर व्हीलच्या एका पूर्ण फेऱ्यात वर्मचे किती फेरे होतात ते मोजा. तारा त्याच हिशोबाने मागे-पुढे होत असेल तर डोळ्यांनी बघायला काही करू नका, फोटो काढायचे असतील तेव्हा गायडिंगचं (कॅमेऱ्याने तारा बघत ट्रॅकिंग सुधारणं) बघू. दर दहा मिनिटांनी न येता आकाशाच्या एकाच भागात सरकत असेल तर मात्र दादांनी सांगितलेल्या त्या खुणेच्या जागी जाऊन ग्रब परत एकदा तपासा. आणि आरएचा बॅलन्स पूर्वेकडे किंचित जड ठेवा, म्हणजे दात एकाच बाजूला टेकून राहतील आणि ती टिक जाणवणारच नाही.