घर सासऱ्यांच्या नावावर असलं तरी

'घर सासऱ्यांच्या नावावर आहे, म्हणजे सुनेला तिथे राहायचा हक्कच नाही,' असं अनेकांना वाटतं. सर्वोच्च न्यायालयाच्या २००६च्या बत्रा निकालामुळे अनेक वर्षं तसंच चाललं, पण ऑक्टोबर २०२०मध्ये त्याच न्यायालयाने आहुजा प्रकरणात तो निकाल चुकीचा ठरवला. सून तिथे संसार करून राहिली असेल, तर घर कुणाच्याही नावावर असो, ते २००५च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली 'सामायिक घर', म्हणजे तिला राहायचा हक्क असलेलं घर, ठरू शकतं. मालकी मिळत नाही, पण कायद्याने ठरलेल्या मार्गाशिवाय तिला बाहेर काढता येत नाही.

अजून एक गोष्ट. माझ्या मावसबहिणीच्या वेळी सासरच्यांनी कोर्टाऐवजी ज्येष्ठ नागरिक न्यायाधिकरणात (ज्येष्ठांच्या तक्रारी ऐकणाऱ्या यंत्रणेकडे) तिला घराबाहेर काढण्यासाठी अर्ज केला होता. तिथे काम झटपट चालतं, आणि नोटीस हातात पडल्यावर ती इतकी घाबरली की बॅगच भरायला लागली. पण डिसेंबर २०२०च्या एस. वनिता निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट म्हटलंय, की ज्येष्ठांचा कायदा वापरून सुनेचा २००५च्या कायद्यातला निवासाचा हक्क मोडीत काढता येत नाही. म्हणून अशी नोटीस आली तर घाईने घर सोडू नका. संरक्षण अधिकाऱ्याकडे (२००५च्या कायद्याखाली महिलांच्या मदतीला नेमलेल्या अधिकाऱ्याकडे) जा, दंडाधिकाऱ्यांकडे त्याच कायद्याच्या कलम १२खाली अर्ज करा आणि कलम २३खाली अंतरिम (तात्पुरता) आदेश त्याच वेळी मागा. त्या घरात जीवालाच धोका असेल, तर कलम १९खाली दुसरं घर किंवा त्याचं भाडंही मागता येतं.