चौरस आहार घेणाऱ्याला पूरक गोळी लागतच नाही?

सांजवात: ‘चौरस आहार घेणाऱ्याला कोणतीही पूरक गोळी लागत नाही, जीवनसत्त्वे शेवटी लघवीवाटे वाहूनच जातात’ हे काल इथे ठणकावून लिहिलेले वाक्य डोक्यातून जाईना, म्हणून सविस्तर लिहीत आहे. बी गटातील आणि सी ही जीवनसत्त्वे पाण्यात विरघळतात, हे खरे. पण ए, डी, ई आणि के स्निग्ध पदार्थांत विरघळतात व शरीरात साठतात, त्यांचे काय? माझ्या आईच्या ताटात अंडी, दूध, भाज्या सगळे असे, तरीही तिच्या तळपायांना मुंग्या येत आणि अंधारात ती भिंतीला हात लावून चालू लागली होती. बी-१२ शोषून घेण्यासाठी जठरात जे प्रथिन तयार व्हावे लागते, तेच तिच्यात तयार होत नव्हते. अशा बाईला ताट सुधारायला सांगणार का?

कोरडवाहू: वाक्य माझे आहे आणि ते मी मागे घेत नाही. आपल्या मातोश्रींना आजार होता. माझा रोख धडधाकट माणसाने मूठभर गोळ्या गिळण्यावर आहे. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर चाचणी झाली, ती बीटा-कॅरोटिनने (शरीर ज्यापासून ए जीवनसत्त्व बनवते, त्या द्रव्याने) कर्करोग टळेल या आशेने. १९९४ मध्ये निष्कर्ष आले, तेव्हा ते घेणाऱ्यांत फुप्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाण उलट १८ टक्क्यांनी अधिक निघाले.

चौकटराजा: वेष्टनावरील एककांच्या गोंधळाविषयी कोणी बोलेल का? डी जीवनसत्त्वाचे ४० युनिट म्हणजे १ मायक्रोग्रॅम, ए जीवनसत्त्वाचा हिशेब निराळा, आणि गिऱ्हाइकाने हे पाठ करून ठेवावे अशी अपेक्षा! माझ्या वडिलांनी आठवड्यातून एकदा घ्यायची डी जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची गोळी महिनाभर रोज घेतली. रक्तातील कॅल्शियम इतके वाढले की तहान भागेना, उलट्या थांबेनात, आणि ते माणसे ओळखताना चाचपडू लागले.

कोरडवाहू: म्हणजे माझेच म्हणणे सिद्ध झाले. आभारी आहे.

चौकटराजा: आभार आपल्यापाशीच ठेवा. ‘जादा ते लघवीतून जाते’ या आपल्या लाडक्या समजुतीवर विसंबूनच आम्ही घरचे निर्धास्त राहिलो होतो. प्रौढांसाठी रोजची कमाल मर्यादा ४,००० युनिट मानतात, हे त्या वेष्टनावर ठळक छापायला जागा नव्हती. उगवत्या सूर्याच्या चित्राला मात्र होती.

सांजवात: पाण्यात विरघळणारेही निरुपद्रवीच असते असे नाही, हे माझ्या लेखनात राहून गेले. बी-६ मोठ्या मात्रेत दीर्घकाळ घेतल्यास मज्जातंतूंना इजा होते.

ओवी: कोरडवाहू, आपल्या ‘धडधाकट’ शब्दाविषयी. गर्भाची मज्जानलिका, म्हणजे जिच्यातून मेंदू आणि मज्जारज्जू घडतात ती नळी, गर्भधारणेनंतर साधारण २८ दिवसांत मिटते, म्हणजे अनेकींना दिवस गेल्याचे कळण्याच्याही आधी. ती नीट मिटावी म्हणूनच गर्भधारणेपूर्वीपासून रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल (बी गटातीलच एक जीवनसत्त्व) घेण्याचा सल्ला निरोगी स्त्रियांनाच दिला जातो. मीही घेतले होते, आणि तेव्हा मला काहीही झालेले नव्हते.

कोरडवाहू: फॉलिक आम्लापुरते मान्य. ‘कोणतीही’ हा शब्द मी काढतो. बाकीचे वाक्य जागच्या जागी आहे.

चौकटराजा: ४०० मायक्रोग्रॅम म्हणजे ०.४ मिलिग्रॅम, आणि ५ मिलिग्रॅमचीही गोळी मिळते, म्हणजे साडेबारा पट. दोन्हींच्या वेष्टनांवर ‘फॉलिक आम्ल’ हेच शब्द मोठे असतात.

सांजवात: आणि तेवढी मोठी मात्रा बी-१२च्या कमतरतेने होणारा रक्तक्षय झाकते, मज्जातंतूंची हानी मात्र चालूच राहते. आईला आधी नेमकी तीच गोळी दिली गेली होती.