रात्री नऊनंतर मंदावणारे इंटरनेट: व्यवस्थापन की लूट?

वायरमन: 'इंटरनेटवरील रहदारीचे कोणतेही नियमन ही फसवणूक असून दूरसंचार नियामक ट्रायने २०१६ मध्येच ती बेकायदा ठरवली', हे येथील कालचे विधान वाचून राहवले नाही. ८ फेब्रुवारी २०१६ च्या विनियमाने आशयानुसार वेगळे दर लावण्यास मनाई केली आणि निवडक संकेतस्थळे फुकट देणाऱ्या फेसबुकच्या फ्री बेसिक्सला गाशा गुंडाळावा लागला. वाजवी रहदारी-व्यवस्थापनाला मात्र दूरसंचार विभागाने जुलै २०१८ मध्ये मान्य केलेल्या चौकटीत मुभा आहे. कोणी प्रचंड फाइल उतरवत असताना इतरांच्या संभाषणाची पॅकेट, म्हणजे माहितीचे छोटे तुकडे, तिच्यामागे अडकू नयेत, हे पाहणे लूट कशी? संगणकतज्ज्ञ निकोल्स आणि जेकबसन यांची २०१२ ची, रांग आवरणारी कोडेल पद्धत तर आशय पाहतच नाही. पॅकेट रांगेत किती ताटकळले, एवढेच मोजते.

सातारकर: ज्ञान वंदनीय, परंतु 'वाजवी' काय, हे ठरवणार कोण? माझ्याकडे रात्री स्पीड टेस्ट पूर्ण वेग दाखवते आणि त्याच वेळी जर्मनीतील मुलाशी चाललेला कॉल तुटतो. चाचणीचा सर्व्हर बहुधा पुरवठादाराच्याच जाळ्यात असतो; बाहेरची वाट किती अरुंद आहे, हे ती सांगत नाही.

सोसायटीग्रस्त: अहो, निवडीचा अधिकार असेल तर हे प्रश्न! आमच्या कमिटीने एकाच पुरवठादाराला जिन्यातून वायर टाकू दिली आहे. वार्षिक सभेत विचारले, तर 'भिंती खराब होतात' असे उत्तर मिळाले. त्या भिंतींना गेली कित्येक वर्षे रंग लागलेला नाही.

सातारकर: आमच्याकडेही हेच. अध्यक्षांच्या घरी मात्र जोडणी फुकट!

वायरमन: कमिटीच्या तक्रारी उपनिबंधकांकडे न्याव्यात. येथे विषय रांगेचा आहे.

सोसायटीग्रस्त: पर्यायच नसलेल्या ग्राहकाला रांगेचे शास्त्र शिकवणारे आपण पुरवठादाराचे पगारदार तर नव्हे?

वायरमन: हा आरोप हीन आहे. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागताच व्हिडिओ कंपन्यांनी मोबाइल जाळ्यांवर दर्जा ४८० पी इतका उतरवला, तेव्हा त्यांनाही कोणी पगार दिला होता काय?

सातारकर: ते जाहीरपणे, सर्वांसाठी आणि ठरावीक मुदतीपुरते होते. तेवढा खुलेपणा माझ्या पुरवठादाराने दाखवावा, म्हणजे आपले कोडेल मी घरच्या राउटरवरही बसवीन.

वायरमन: बसवाच. अपलोडच्या रांगेने कॉल तुटत असेल, तर तेवढ्याने सुधारेल. बाहेरची वाटच भरली असेल, तर उपयोग नाही. एवढे आपले खरे.

सोसायटीग्रस्त: अभिनंदन! आता आमच्या जिन्याचे बोला.