आपला रस्ता, आपला थांबा: तुम्ही स्वतः काय केलंत? (अनुभव धागा)

तळ्याकाठची

आमच्या सोसायटीच्या सभेत पाण्याचा विषय दहा मिनिटांत संपतो आणि रस्त्याचा रात्री साडेअकरापर्यंत चालतो. प्रत्येकाकडे उपाय तयार असतो. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र सगळे त्याच डुगडुगत्या लाद्यांवरून स्टेशन गाठतात. म्हणून हा धागा. ठाणे, कळवा, मुंब्रा, ऐरोली ते बेलापूर, कुठलेही असा; रस्ता, फूटपाथ, थांबा, क्रॉसिंग यांसाठी तुम्ही स्वतः काही केलं असेल तर लिहा. ऐकीव नको. फसलं असेल तर आधी लिहा. आणि कृपा करून साहेबांची, नगरसेवकांची नावं नकोत, नाहीतर गाडी लगेच तिकडे वळते.

सुरुवात माझ्यापासून. मी नौपाड्यात राहते. सासूबाईंचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं, आणि त्यांना वॉकर घेऊन तलावपाळीला जायची हौस. एरवी आठ मिनिटांचा रस्ता. पहिल्याच दिवशी फूटपाथची कड आडवी आली. वॉकर काही वर चढेना. त्या तिथेच थांबून म्हणाल्या, "अगं, हा फूटपाथ आहे की ओटा?" घरून शिवणाची टेप आणली आणि मोजलं, तर साडेअकरा इंच! इंडियन रोड्स काँग्रेसची पादचाऱ्यांसाठी नियमावली आहे, तिच्यात कड १५० मिलिमीटरच्या वर नको असं म्हटलंय, म्हणजे सहा इंच. टेप दिसेल असा फोटो काढला, शेजारच्या दिव्याच्या खांबाचा नंबर टिपला आणि अर्ज टाकला. त्याआधी ‘फूटपाथ नीट करावा ही विनंती’ छापाचे दोन अर्ज दिले होते, ते कुठल्या फायलीत विसावले कोण जाणे. या तिसऱ्यावर मात्र महिन्याभरात माणूस बघायला आला, आणि पुढच्या दोन महिन्यांत सिमेंटचा उतार झाला.

आता त्या उताराच्या तोंडाशी रोज एक पांढरी स्कूटर उभी असते. मालकाचा शोध चालू आहे. आमच्याच बिल्डिंगमधला निघेल अशी धाकधूक आहे.

चौथी सीट

नेरुळ. आमच्या सेक्टरातून स्टेशनला जाणाऱ्या बसच्या फेऱ्या कमी होणार अशी कुणकुण लागली. कारण काय, तर माणसंच चढत नाहीत. निवेदन, सह्या वगैरे ठरत होतं. तेवढ्यात तळमजल्यावरचे एक काका म्हणाले, आधी बघूया तरी का चढत नाहीत.

मग सोमवार ते शनिवार, सकाळी सात ते दहा, आळीपाळीने थांब्यावर वही घेऊन बसलो. रकाने चार: बस किती वाजता आली, किती चढले, किती उभे राहिले, आणि किती जण वाट बघून कंटाळून रिक्षात बसले. हा शेवटचा रकाना काकांचा, आणि तोच कामी आला. बस खरंच रिकामी जात होती. पण ती स्टेशनला पोचायची ठाण्याची लोकल सुटल्यावर चार मिनिटांनी! रोज लोकल चुकवणाऱ्या बसमध्ये कोण बसेल? आठ-नऊच्या दरम्यान रोज चाळीसेक माणसं रिक्षाने जात होती.

त्यामुळे ‘फेऱ्या वाढवा’ हे निवेदनातून गेलंच. मागितलं एवढंच, की सकाळच्या तीन फेऱ्या आठ मिनिटं आधी सोडा. यात कुणाचा पैसा जात नव्हता, म्हणून ऐकणारा साहेबही खुशीत. तीनपैकी दोन बदलल्या. आता त्या दोन्हींत उभं राहून जावं लागतं, आणि ‘माझी बसायची जागा गेली’ म्हणत एक मैत्रीण माझ्यावर रुसली आहे.

वही लिहिताना एक गंमत कळली. थांब्यावर पत्रा होता, बाक होता, पण बाक अशा जागी की तिथे बसलं तर येणारी बस दिसत नाही. सगळे उन्हात उभे, बाक रिकामा. सहा दिवस मीच त्यावर बसत होते.

शिट्टीवाली आई

ऐरोलीहून. नवी मुंबई कशी आखून बसवलेली आहे, हे आम्ही ठाण्याच्या पाहुण्यांना नेहमी ऐकवतो. आमची मुलं मात्र शाळेत जायची व्हॅनमधून, अंतर सातशे पावलं. का? तर रस्ता ओलांडायची भीती.

तिसरी-चौथीच्या अकरा मुलांना कागद दिले. घर ते शाळा रस्ता काढा, आणि भीती वाटते तिथे लाल खडू फिरवा. आम्हा आयांची पैज होती की मोठा चौक लाल होणार. नऊ कागदांवर लाल होता तो बंद पडलेला एक टेम्पो. त्याच्या आडून येणारी गाडी दिसत नाही आणि त्याच्याखाली कुत्री झोपतात, असं एका मुलीने बाजूला लिहिलंही होतं. चौक कुणाच्या खिजगणतीत नव्हता, कारण तिथे हवालदार काका असतात! ते कागद तसेच्या तसे वाहतूक चौकीत नेऊन दाखवले. टेम्पो आठवड्यात उचलला गेला. मोठ्यांच्या अर्जाने हे झालं असतं असं मला वाटत नाही.

मग आळीपाळीने दोन आया पुढे-मागे आणि मुलं मधे, अशी पायी वरात सुरू केली. शिट्टी माझ्याकडे. पावसाळ्यात बंद पडते, दिवाळीनंतर परत सुरू होते.

आता फसलेली गोष्ट. हुरूप आला म्हणून आम्ही गतिरोधक मागितला. एक मागितला आणि तीन मिळाले, चाळीस मीटरच्या आत. नियमाप्रमाणे तो पसरट हवा, ३.७ मीटर रुंद आणि जेमतेम १० सेंटिमीटर उंच. आमच्याकडचे म्हणजे रस्त्यावर आडव्या ठेवलेल्या सुटकेसा. समोरच्या इमारतीतल्या बाईंना सातवा महिना होता, त्यांचा नवरा रिक्षातून उतरून माझ्या दारात आला. त्याचं काही चुकलं नाही. आपण मागताना फक्त ‘गतिरोधक’ लिहिलं होतं, कसा ते लिहिलं नव्हतं. मधला काढावा म्हणून आता आमचाच अर्ज पडून आहे.

निवृत्त ओव्हरसियर

आयुष्य खडी-डांबरात गेलं, तेव्हा आतल्या बाजूने दोन गोष्टी.

पहिली, रस्ता कुणाचा? घोडबंदरचंच घ्या. मुख्य रस्ता, सेवारस्ता, मधोमध वडाळा-कासारवडवली मेट्रो ४ चं काम, सिग्नल, थांबा, दिवे, प्रत्येकाचा धनी वेगळा. चुकीच्या दारात टाकलेला अर्ज परत येत नाही, तो तिथेच मुरतो. आम्ही पातलीपाड्याकडची मंडळी बॅरिकेडमधून थांब्याकडे जायला वाट मागत होतो. चार महिने तीन कार्यालयांनी एकमेकांकडे बोट दाखवलं. शेवटी मेट्रोच्या खांबांवरचे नंबर घालून हाताने नकाशा काढला, तिघांना एकाच दिवशी एकच पत्र दिलं आणि प्रत्येक पत्रावर उरलेल्या दोघांची नावं ठळक लिहिली. पंधरा दिवसांत जागेवर तिघेही हजर. वाट मिळाली, दीड माणूस जाईल एवढी.

दुसरी गोष्ट लोक विचारतच नाहीत. नव्या रस्त्याला ‘दोष दायित्व कालावधी’ असतो. तेवढ्या काळात खड्डा पडला तर कंत्राटदाराने स्वखर्चाने बुजवायचा. माहिती अधिकारात विचारा: कामाचा आदेश कधीचा, हा कालावधी कधी संपतो, मोजमाप पुस्तिकेची प्रत द्या. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप, तीस दिवसांत उत्तर. ‘खड्डे का पडतात’ असं विचारू नका, त्याला उत्तर देणं बंधनकारक नाही. आमच्या गल्लीत कालावधी संपायला दोन महिने उरले होते. खड्डे बुजले. कसे बुजले, त्यावर बोलत नाही, मलाच लाज वाटते.

कलमबहाद्दर

थोडी भर. ७४ व्या घटनादुरुस्तीने ३ लाखांवर वस्तीच्या शहरांत प्रभाग समित्या आणल्या. राज्याच्या कायद्यात त्याच्याही खाली क्षेत्रसभा आहे, मतदारांनी बसून आपल्या भागाची कामं सुचवायची. मी पन्नाशीला आलो, अजून एकाही क्षेत्रसभेचं बोलावणं मला आलेलं नाही. त्यात नवी मुंबईत २०२० पासून पाच वर्षांहून जास्त काळ आणि ठाण्यात २०२२ पासून पालिकेवर प्रशासक. म्हणजे २०२६ च्या जानेवारीत निवडणुका होईपर्यंत शिव्या द्यायलाही नगरसेवक नव्हता. त्या काळात मी लोकशाही दिनाचा रस्ता धरला. महिन्याचा पहिला सोमवार, अर्ज पंधरा दिवस आधी. तिथे साहेब समोर बसलेले असतात आणि त्यांना संबंधित माणसाला सगळ्यांदेखत विचारावं लागतं.

आणि २०२५ च्या ऑक्टोबरात मुंबई उच्च न्यायालयाने खड्डा किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाला तर वारसांना ६ लाख, जखमींना ५० हजार ते अडीच लाख भरपाई द्यायला सांगितलंय. अर्जात एक ओळ याची घाला. वाचणारा जरा ताठ बसतो.

बहिणीकडे पुण्याला असतो तेव्हा हेवा वाटतो. तिथे २००६ च्या सुमारापासून नागरिक वॉर्डातली कामं थेट अंदाजपत्रकासाठी सुचवतात. ती म्हणते, सुचवतो आणि विसरतो. तरी सुचवायला कागद तरी आहे.

मीटरडाऊन

मी रिक्षा चालवतो, लोकमान्यनगर ते स्टेशन, शेअर. लिहायची सवय नाय, पोरगी टाइप करतेय.

वर सगळे रहिवासी, रहिवासी चाललंय. मी पण राहतोच की इथे. रस्त्याच्या मीटिंगा होतात, आमचा स्टँड हलवायचं ठरतं, आणि आमाला कळतं पिवळी दोरी बांधल्यावर. मीटिंग कधी? संध्याकाळी सातला. सात म्हणजे धंद्याचा टाइम, रांग पार कोपऱ्यापर्यंत. आमी कसे येणार?

आमीच मग चुन्याने रेघ मारली. तीन रिक्षा रेघेच्या आत, बाकी बाजूच्या गल्लीत, पुढची हलली की हाक मारायची. पब्लिकची पण एक रांग. पहिल्या पावसात चुना गेला. परत पन्नास-पन्नास काढून ऑइलपेंट आणला. सहा महिने रेघ टिकली, कोण भांडलं नाय. मग रस्ता नवा केला, रेघ डांबराखाली.

दिवसाला चौदा-पंधरा खेपा होतात. कुठला खड्डा कुठल्या दिवशी पडला ते आमाला झोपेत विचारा. पण विचारत कोण नाय.

पामबीचवाला

हे वाचून लिहायचं धाडस करतो. वाशी. आठ वर्षांपूर्वी आमच्या सोसायटीच्या गेटसमोरचा बसथांबा हलवायची मोहीम मी चालवली. गर्दी, पानाच्या पिचकाऱ्या, गाडी बाहेर काढताना त्रास. एकशे बारा सह्या गोळा केल्या. थांबा दोनशे पावलं पुढे गेला, पत्र्याशिवाय. पेढे वाटले होते हो मी.

त्या जुलैत आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशी निथळत आल्या. घणसोलीहून यायच्या. पदर पिळता पिळता म्हणाल्या, "थांबा लांब नेला ना कुणीतरी." कुणीतरी. मी पंखा लावून दिला आणि पेपर तोंडासमोर धरला. एकशे बारा सह्यांत बसने येणाऱ्या एकाही माणसाची सही नव्हती, हे मला तेव्हा उमगलं.

परत आणायचा अर्ज केला. टेबलावर तोच माणूस. माझा जुना अर्ज काढून शेजारी ठेवला आणि चहा मागवला. थांबा अजून तिकडेच आहे.

भंडावलेला करदाता

सगळ्यांचं कौतुक आहे. पण टेपा लावणं, वह्या भरणं, रेघा मारणं आपलं काम आहे का? मालमत्ता कर भरतो आपण. मी एकदा चौकातल्या खड्ड्यात स्वखर्चाने पेव्हर ब्लॉक टाकले, तर एक बाईकवाला त्यावरून घसरून मलाच शिव्या घालून गेला. तेव्हापासून हात जोडले.

शिट्टीवाली आई

@करदाता, काम आपलं नाही हे शंभर टक्के मान्य. पण तोपर्यंत मुलं शाळेत जाणारच ना. खड्ड्यात आपण काही टाकू नये, हेही मान्य. फोटो काढा, खांबाचा नंबर लिहा आणि बाजूला व्हा.

तळ्याकाठची

@पामबीचवाला, लिहिलंत, बरं वाटलं. आमच्याकडे अगदी अशाच एका सह्यांच्या कागदावर मी गेल्या आठवड्यात सही केली आहे. रिक्षा स्टँडचा कागद. तो परत मागून घेते.

@मीटरडाऊन, आमच्या कोपऱ्यावरची रांग पुढच्या आठवड्यात मोजायची म्हणतोय आम्ही, चौथी सीट यांच्यासारखे रकाने करून. तिथे उभे राहणारे रिक्षावाले हवेत बोलायला. त्यांना किती वाजता जमेल?

मीटरडाऊन

दुपारी दोन ते चार, गिऱ्हाईक नसतं. त्या स्टँडवर माझा मेव्हणा आहे, त्याला सांगून ठेवतो. ऑइलपेंटचा अर्धा डबा शिल्लक आहे, तो पण देतो. पांढरी स्कूटर बघितली मी, मागच्या चाकावर भगवा स्टिकर ना? तुमच्या बी विंगमधलीच आहे.