मदत हवी आहे: सीक्वेलमध्ये जुनं पात्र आणि जुने निर्णय कसे आणायचे? (नेव्हरविंटर नाइट्स)

मंडळी,
नेव्हरविंटर नाइट्स या संगणकावरच्या रोल-प्लेइंग खेळाच्या एन्हान्स्ड एडिशनमधल्या ऑरोरा टूलसेटवर (स्वतःची साहसं बनवायचं साधन) एका मॉड्यूलचा (अशा साहसाचा) दुसरा भाग करतो आहे. पहिला भाग आठव्या लेव्हलला संपतो. खेळलेल्यांची मागणी एकच: आमचं पात्र आणि आम्ही जे केलं ते पुढे दिसलं पाहिजे. त्यासाठी प्रत्येक निर्णय, उदाहरणार्थ पूल जाळला की वाचवला, जागच्या जागी सेटकॅम्पेनइंट या आज्ञेने कॅम्पेन डेटाबेसात (दोन्ही मॉड्यूलांना वाचता येणाऱ्या नोंदवहीत) नोंदवला आहे. पण चाचणीत, पूल न जाळलेल्या पात्रालाही दुसऱ्या भागातला नावाडी 'पूल जाळणारा' म्हणतो. कुठे चुकतंय? आणि लेव्हल, जादूची हत्यारं किती पुढे न्यावीत?

घाटमाथा:
चाचणी करताना आधी पूल जाळून मग जुना सेव्ह (जतन केलेला खेळ) उघडला होता का? मग हे होणारच. कॅम्पेन डेटाबेस सेव्हच्या आत नसतो, डेटाबेस फोल्डरमध्ये त्याची वेगळी फाइल असते. सेव्ह उघडला की जग मागे जातं, ती फाइल जात नाही.

खेळ चालू असताना निर्णय सेटलोकलइंट या आज्ञेने मॉड्यूलवरच ठेवा, म्हणजे ते सेव्हबरोबर मागेपुढे होतील. शेवटच्या प्रसंगात, स्टार्टन्यूमॉड्यूलच्या (पुढचं मॉड्यूल सुरू करणाऱ्या आज्ञेच्या) आधी, सगळे एकदम डेटाबेसात लिहा. आणि 0 हे मूल्य वापरूच नका. नोंद वाचणारा गेटकॅम्पेनइंट नोंद नसली तरी 0च देतो, त्यामुळे 'पूल वाचवला' आणि 'पहिला भाग खेळलाच नाही' यांत फरक उरत नाही. जाळला 1, वाचवला 2. डेटाबेसच्या नावातली लहानमोठी अक्षरंही दोन्ही मॉड्यूलांत तंतोतंत सारखी हवीत.

पिंपळपान:
वरच्यात भर. कोणी पात्राची फाइल दुसऱ्या संगणकावर नेली तर डेटाबेस मागेच राहतो. त्यापेक्षा पात्राला एक अंगठी किंवा पत्र द्या आणि निर्णय त्या वस्तूवर सेटलोकलइंटने लिहा. वस्तूवरच्या नोंदी पात्राबरोबर जातात. वस्तूला प्लॉट आणि कर्स्ड दोन्ही खुणा लावा, म्हणजे ती विकता किंवा टाकता येणार नाही.

खडूशाई:
लेव्हलचं सोपं आहे. आठव्या लेव्हलला 28,000 अनुभवगुण लागतात. ऑनक्लायंटएंटरमध्ये (खेळाडू मॉड्यूलमध्ये येताच धावणाऱ्या स्क्रिप्टमध्ये) गुण त्याहून कमी असतील तरच सेटएक्सपीने तेवढे करा, जास्त असतील तर हात लावू नका. हॉर्ड्स ऑफ द अंडरडार्क या याच खेळाच्या विस्तारातही पंधराव्या लेव्हलच्या खालचं पात्र वर उचलून घेतात, आणि सुरुवातीलाच तुमचं सामान चोरीला जातं.

सामान काढून घेणार असाल तर इथे बहुतेक जण अडकतात: गेटफर्स्टआयटमइनइन्व्हेंटरीच्या (सामानातली एकेक वस्तू शोधणाऱ्या आज्ञेच्या) फेरीत अंगावर चढवलेल्या वस्तू येत नाहीत. पिशवी रिकामी होते, पण चिलखत आणि तलवार अंगावरच राहतात. त्यासाठी 0 ते 13 हे चौदा स्लॉट (अंगावर वस्तू चढवायच्या जागा) गेटआयटमइनस्लॉटने वेगळे तपासावे लागतात. पिंपळपान यांची अंगठी टॅगवरून (टूलसेटमध्ये वस्तूला दिलेल्या खुणेच्या नावावरून) वगळा, नाहीतर निर्णयही पुसले जातील. सेव्ह उघडल्यावर ही स्क्रिप्ट पुन्हा धावू शकते, म्हणून 'एकदा झालं' अशी खूण आधी तपासा.

आता मागणीबद्दल. बाल्डर्स गेट या दुसऱ्या एका रोल-प्लेइंग मालिकेच्या बाल्डर्स गेट 2 (2000) मध्ये नवं पात्रसुद्धा 89,000 गुणांवर सुरू होतं, म्हणजे पहिल्या खेळाची मूळ मर्यादा होती तिथूनच. सामान जातं, कारण नायक आयरेनिकस या खलनायकाच्या कैदेत आहे, आणि कारण पटलं की खेळाडू फार कुरकुरत नाही. खुपतं ते वेगळंच: पहिल्या भागात मिन्स्क हा साथीदार मेला असला तरी तो तिथे पिंजऱ्यात जिवंत भेटतो, जुनी ओळखही सांगतो. आपण केलेलं कोणाच्या गावीच नाही, ही बोच फार लागते.

त्याच मालिकेत उलट उदाहरणही आहे. पहिल्या भागात फ्रेंडली आर्म खाणावळीत एक उमराव तुम्हाला धोबी समजून सोनेरी तुमान देतो. ती जपून ठेवली तर दुसऱ्या भागात सोबत येते. तिथे रुपेरी मिळते, थ्रोन ऑफ भाल या त्याच्या विस्तारात कांस्याची, आणि तिन्ही मिळाल्या की सेस्पेनार हे तिथलं पात्र त्यांचं चिलखत घडवतं. एवढीशी गोष्ट, पण तुमान जपणाऱ्याला ती कायम लक्षात राहते. चाहत्यांना असं काही हवं असतं. म्हणून एक तरी निरुपयोगी दिसणारी वस्तू पुढे येऊ द्याच.

प्रश्नकर्ता:
जुना सेव्ह उघडला होता, तेच कारण निघालं. एकूण अकरा निर्णय आहेत, सगळे न्यावेत का?

घाटमाथा:
तीनच न्या. प्रत्येकाला तीन पर्याय असले तरी 27 जोड्या होतात, त्या तपासतानाच दमाल. कथेला फाटे फोडू नका. प्रत्येक निर्णयासाठी पहिल्या अर्ध्या तासात एक पक्का प्रसंग ठेवा: पूल जाळला असेल तर नदी होडीने ओलांडावी लागेल आणि नावाडी तोंडावर बोलेल, वाचवला असेल तर पुलावरचा पहारेकरी नाव घेऊन हाक मारेल. पहिला भाग न खेळलेल्यांना हेच तीन प्रश्न नावाड्यानेच सुरुवातीच्या संवादात विचारावेत, उत्तरं तशाच अंगठीवर लिहायची.