गृहीतक, सिद्धांत, उपपत्ती : कशाला काय म्हणायचं?

प्रश्न : मुलांना जीवशास्त्राची ओळख करून देताना 'गृहीतक' हा शब्द दर वेळी आडवा येतो. हायपॉथेसिसला आपण गृहीतक म्हणतो. पण भूमितीत हीच मुलं युक्लिडची गृहीतकं शिकतात, आणि ती सिद्धता न मागता मान्य करायची असतात. "मग विज्ञानातलं गृहीतक तपासायचं कशाला?" असं एका मुलीने विचारलं आणि मला धड सांगता आलं नाही. शिवाय 'पेशी सिद्धांत' म्हणजे थिअरी, की सिद्ध होऊन संपलेली गोष्ट?

उत्तर : त्या मुलीचा प्रश्न रास्त आहे, घोळ शब्दाचाच आहे. बोलताना आपण 'गृहीत धरणे' म्हणतो ते पुरावा न मागता धरून चालणे या अर्थी. विज्ञानात गृहीतक मांडतात तेच मुळी तपासण्यासाठी.

तिला रेडी या इटालियन वैद्याचा १६६८ सालचा प्रयोग सांगा. सडक्या मांसात अळ्या आपोआप होतात, असा तेव्हाचा समज. रेडीचं म्हणणं, त्या माश्यांपासून होतात. त्याने मांसाची काही भांडी उघडी ठेवली, काही बंद केली. उघड्यांत अळ्या झाल्या, बंद भांड्यांत नाहीत. पण बंद भांड्यात हवाच गेली नाही, असं कुणीही म्हटलं असतं. म्हणून त्याने काही भांड्यांवर बारीक जाळीचं कापड ताणलं : हवा आत जाईल, माशी जाणार नाही. या भांड्यांतल्या मांसात अळ्या झाल्या असत्या तर रेडीचं म्हणणं तिथेच कोसळलं असतं. झाल्या नाहीत. खोटं ठरायला अशी वाट मोकळी ठेवलेलं विधान, ते विज्ञानातलं गृहीतक.

गृहीतकाला एक जुना शब्दही आहे. न्यायसूत्रं या प्राचीन तर्कशास्त्राच्या ग्रंथात सिद्धांताचे, म्हणजे मान्य केलेल्या मतांचे, चार प्रकार दिले आहेत. त्यांतला 'अभ्युपगम' म्हणजे न तपासलेली गोष्ट पुढच्या परीक्षेपुरती मान्य करणे. तर्कशास्त्राच्या मराठी लिखाणात हायपॉथेसिससाठी हा शब्द वापरलेला आढळतो. अर्थाने मला तो फार आवडतो, पण मुलांच्या जिभेला जड. मी आधी 'तपासायचा अंदाज' म्हणेन आणि मग पुस्तकातला शब्द सांगेन.

आता सिद्धांत. सिद्ध अधिक अंत, म्हणजे चर्चा जिथे थांबते ते ठिकाण. थिअरी तिथे थांबत नाही. श्लायडनने १८३८ मध्ये वनस्पतींबद्दल आणि श्वानने १८३९ मध्ये प्राण्यांबद्दल सांगितलं की शरीर पेशींचं बनलेलं असतं. हे टिकलं. पण नव्या पेशी बिनआकाराच्या द्रव्यातून स्फटिकासारख्या जमतात, असंही ते मानत. ते टिकलं नाही. पेशी पेशीपासूनच होते, हे फिरखोने १८५५ मध्ये ठासून मांडलं. म्हणजे पेशी सिद्धांताला भक्कम पुरावा आहे आणि त्यात दुरुस्तीही झाली आहे.

म्हणून थिअरीला मला 'उपपत्ती' हा जुना शब्द जवळचा वाटतो. "याची उपपत्ती कशी लावायची?" असं आपण विचारतो तेव्हा घडलेल्या गोष्टीची कारणासकट संगती मागत असतो.

प्रश्न : मग नियम? उपपत्ती पक्की झाली की तिचा नियम होतो ना?

उत्तर : नाही. उपपत्तीला बढती मिळून नियम होत नाही, दोघांची कामंच वेगळी. मेंडेलने गोल आणि सुरकुतलेल्या वाटाण्यांचा संकर केला. पहिल्या पिढीत सगळे गोल. त्यांच्या पुढच्या पिढीत ५४७४ गोल, १८५० सुरकुतलेले, म्हणजे जवळजवळ तीनास एक. ही रीत सांगतो तो नियम. ती तशी का, हे गुणसूत्रांच्या (पेशीतल्या, आनुवंशिक गुण वाहून नेणाऱ्या धाग्यांच्या) उपपत्तीने सांगितलं. मेंडेलचा निबंध १८६६ चा, आणि सटन व बोव्हेरी यांनी गुणसूत्रांशी सांगड घातली ती विसाव्या शतकाच्या सुरुवातीला. नियम आधी आला, उपपत्ती मागून.

जाता जाता : मुलं हिंदी पुस्तकंही चाळत असतील तर 'पेशी'कडे लक्ष असू द्या. हिंदीत पेशी म्हणजे आपला स्नायू, आणि आपल्या पेशीला तिथे कोशिका म्हणतात. संस्कृतातही पेशी मांसाचीच. मराठीने तो शब्द सेलसाठी घेतला आणि स्नायूला वेगळा ठेवला.